वसमतचा दुसरा नंबर

कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की मी घराबाहेर पडायचं टाळतो. म्हाताऱ्याला दमा आहे, उडता कापूस सोसत नाही, असं घरातले समजतात. मीही त्यांचा समज मोडत नाही. दिवाळी होऊन गेलेली असते. सकाळी अंगावर काटा येईल इतका गारठा, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या, पऱ्हाटी कापसाने पांढरी झालेली. वसमतच्या रस्त्याला बाभळींच्या काट्यांवर गाड्यांतला कापूस अडकून राहतो. नव्या माणसाला ते झाड फुलल्यासारखं वाटतं. मला ते पाहवत नाही. त्या दिवसांत आमची फुटबॉलची लीग चालायची आणि त्या लीगचा पंच मी होतो.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. ती शेवटची आहेत हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. हिंगोलीच्या शाळेत मी ड्रिल मास्तर होतो. हिंगोलीला जुन्या छावणीचं मैदान होतं, आणि गोऱ्या पलटणी गेल्या तरी त्यांचा हा खेळ मागे राहिला होता. हिंगोली, वसमत, कळमनुरी, पूर्णा आणि परभणी असे पाच संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. दिवाळीनंतर सुरू झालेली लीग होळीपर्यंत चालायची. सामने शुक्रवारी, कारण तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. शनिवारी सकाळी मी वकीलसाहेबांच्या ओसरीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने नवा तक्ता लिहायचा. माझं अक्षर चांगलं म्हणून ते कामही माझ्याकडे आलं होतं. वकीलसाहेब लीगचे अध्यक्ष, आणि हिंगोलीचा क्लबही त्यांचाच. हे दोन्ही एका माणसाकडे नसावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

हिंगोलीच्या क्लबात वकिलांचे पुतणे, कचेरीतले कारकून, एक-दोन जमीनदारांची मुलं अशी मंडळी होती. बूट घालून खेळायची, खेळ झाला की मैदानावर खुर्च्या टाकून सरबत प्यायची. वसमतचा क्लब निराळा. तो तिथल्या एका, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या शेठने काढलेला. त्याचे अकराही खेळाडू जिनातले मजूर. सकाळी सरकीची पोती ओढायची, दुपारी तीन वाजता शेठची घंटा झाली की मैदानावर जायचं. खेळण्याचा वेगळा पगार मिळणारा आमच्या लीगमधला तो पहिला आणि शेवटचा क्लब. हिंगोलीकर त्यांना ‘पगारी’ म्हणत. म्हणताना ओठ जरा वाकडे करत. मी शाळेचा पगार घेऊन ड्रिल शिकवत होतो, तरी मीसुद्धा तो शब्द तसाच वापरायचो.

आणि त्या क्लबाचा गोलकीपर मीच शोधून दिला होता.

माझं गाव कुरुंदा. एका दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या कापसाच्या गाडीबरोबर वसमतच्या जिनावर गेलो होतो. आवारात कापसाचे डोंगर. हवा पांढरी, श्वास घेतला की नाकात तंतू, जिभेवर सरकीची तेलकट चव, आणि आत यंत्रांचा असा घरघराट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. गाड्यांवरचे मजूर कापसाचे गच्च बांधलेले गठ्ठे खाली फेकत होते आणि खाली एक उंच, काटकुळा माणूस ते झेलत होता. डावीकडून आला तर डावीकडे, डोक्यावरून आला तर उडी मारून. एकही गठ्ठा मातीला लागू देत नव्हता. मी गाडीवरून उतरायचं विसरून त्याच्याकडे पाहत राहिलो.

“नाव काय रे तुझं?”

“सटवा.”

“कुठला?”

“सेनगावाकडचा. चार भाऊ हायेत अन् जमीन एका भावापुरती. म्हनून हंगामाला हिकडं येतो.”

“गठ्ठा खाली का पडू देत नाहीस?”

तो हसला. “मातीत पडला तर कापूस खराब व्हतो ना मास्तर. दुसरं काय.”

माझ्या अंगावर ड्रिलचा खाकी कोट होता, त्यावरून त्याने मला मास्तर ठरवलं. मी तसाच जिनाच्या मॅनेजरकडे गेलो आणि म्हणालो, याला गोलात उभा करा. सुट्टीचे उरलेले आठ दिवस रोज वसमतला जाऊन मी त्याला शिकवलं. पाय कुठे ठेवायचा, चेंडू छातीशी कसा घ्यायचा, कोपऱ्यावरून चेंडू येताना नजर कुठे असावी. सांगितलेलं तो एकदाच ऐकायचा. बूट दिले तर काढून ठेवले. म्हणाला, “बुटात पायाला जमीन कळत न्हाई.”

त्या साली वसमत कोणालाच आवरेना. त्या हंगामातले तुकडेच आता आठवतात. कळमनुरीच्या मैदानावर सुटलेला वारा आणि त्या वाऱ्यात चेंडू फिरत असताना सटवाचे वर गेलेले दोन लांब हात. पूर्णेला सामन्यासाठी जाताना आगगाडीच्या डब्यात वसमतच्या पोरांनी सोललेल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि त्यांतली एक ओंजळ माझ्यापुढे धरून सटवा म्हणाला ते. “पंचाला खानं दिलेलं चालतं का? न्हाई तर ऱ्हाऊ द्या.” मी शेंगा घेतल्या. त्याच सामन्यात मी वसमतविरुद्ध पेनल्टी दिली. त्याने ती अडवली आणि उठता उठता मला म्हणाला, “बराबर व्हती पेनल्टी. आमच्याच गड्याचा हात लागला.” तेव्हा मला माझ्या शिट्टीचा अभिमान वाटायचा. पाच गावांत कोणी म्हणालं नव्हतं की मास्तरने बाजू घेतली.

होळी जवळ आली. शेवटचा सामना उरला. हिंगोली आणि वसमत, हिंगोलीच्या मैदानावर. तक्त्यात वसमतचे अकरा गुण, हिंगोलीचे दहा. बरोबरी झाली तरी लीग वसमतची. हिंगोलीला जिंकणंच भाग होतं. वसमतच्या शेठने आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की पहिला नंबर आला तर क्लब चालू राहील आणि अकरा जणांना जिनात बारमाही काम मिळेल. नाही आला तर हंगामाबरोबर क्लबही संपला. खेळावर उगीच खर्च करायला शेठ काही वेडा नव्हता. सटवाने त्या भरवशावर बायकोला, गयाबाईला, गावाकडून वसमतला आणून खोली घेतली होती. तिला दिवस गेले होते.

माझंही एक दुखणं होतं. माझी माय कुरुंद्याला अंथरुणाला खिळली होती. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. वडील तोवर वारले होते. बायको, यशोदा, लहान लेकराला सांभाळून तिचं सगळं करायची. मी महिन्यातून एकदा जायचो. वसमतच्या शाळेत बदली मागून चार वर्षं झाली होती. अर्ज कुठल्या कचेरीत पडला होता, देव जाणे.

सामन्याच्या तीन दिवस आधी वकीलसाहेबांनी मला चहाला बोलावलं. ओसरीवर बसलो. समोर माझ्याच अक्षरातला तक्ता.

“आईचं कसं आहे, मास्तर?”

“आहे तसंच.”

“तुमच्या बदलीचा कागद खाली दबला असेल. वर काढायला असा किती वेळ लागतो? परवाच शिक्षणखात्यातले एक गृहस्थ आपल्याकडे जेवायला होते.” त्यांनी चहा बशीत ओतला. “शुक्रवारी गर्दी फार होणार. हिंगोलीच्या इज्जतीचा सवाल आहे. पगारी मजुरांनी येऊन पहिला नंबर न्यायचा, हे बरं दिसतं का, तुम्हीच सांगा.”

“पंचाला दोन्ही बाजू सारख्या, वकीलसाहेब.”

“बराबर आहे! तसंच पाहिजे!” ते मोठ्याने हसले. “मी कुठं काय म्हणालो?”

खरंच ते काही म्हणाले नव्हते. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

सामना सुरू झाला तेव्हा ऊन उतरतीला लागलं होतं. छावणीच्या लिंबांखाली खुर्च्यांची रांग, मध्ये वकीलसाहेब. वसमतची माणसं दुपारच्या गाडीने आली होती आणि पलीकडच्या बाजूला उकिडवी बसली होती. पहिला गोल वसमतने केला, हिंगोलीने फेडला. एक-एक. त्यानंतर सटवाने काय काय अडवलं ते सांगायला लागलो तर तो सामना मी आवडीने सांगतो आहे असं वाटेल, आणि तसं वाटू नये.

शेवटची पाच मिनिटं उरली होती. हिंगोलीला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, पाच-सहा जण एकदम उडाले. धुरळ्यात कोणाचं तरी डोकं लागलं आणि चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला गेला. सटवाने आडवी झेप घेतली आणि चेंडू छातीखाली घेऊन तो पडला. गोलाला जाळी नव्हती. चुन्याची रेषा दीड तास पायांखाली जाऊन पुसट झाली होती, पण दिसत होती. मी खांबापासून पाच-सहा पावलांवर, बरोब्बर रेषेत उभा होतो. चेंडू रेषेच्या अलीकडे होता. वीतभर अलीकडे. माझ्याइतकं स्वच्छ ते दुसऱ्या कोणाला दिसणं शक्यच नव्हतं.

हिंगोलीची पोरं ‘गोल, गोल’ ओरडत हात वर करून पळत सुटली. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. मी आधी चेंडूकडे पाहिलं, आणि मग खुर्च्यांकडे पाहिलं. वकीलसाहेब उभे राहिले नव्हते. ते बसल्या जागेवरून शांतपणे माझ्याकडे पाहत होते.

मी शिट्टी फुंकली आणि हात मैदानाच्या मध्याकडे केला. गोल.

वसमतची दहाही पोरं माझ्या अंगावर आली. एकाने कोटाची कॉलर धरली. सटवा उठला, छातीशी चेंडू तसाच, कोपर सोललेलं. त्याने सगळ्यांना बाजूला सारलं.

“मास्तरला हात लावू नका रे. मास्तर जिथं उभे हायेत तिथून काय दिसलं, ते त्यांनाच ठाऊक.” मग माझ्यासमोर येऊन त्याने विचारलं, “मास्तर, तुमाला बॉल आत दिसला?”

मी म्हणालो, “दिसला.”

“मंग गोल,” तो म्हणाला. चालत गेला आणि मैदानाच्या मध्यावर स्वतःच्या हाताने चेंडू ठेवून परत आला.

शनिवारी सकाळी मी तक्ता लिहिला. हिंगोली पहिली, बारा. वसमत दुसरी, अकरा. अक्षर नेहमीसारखंच आलं. महिन्याभरात माझ्या बदलीचा हुकूम आला. कुरुंद्याला पोचलो तर मायने जड जिभेने विचारलं, “बदली कशी झाली रे?”

“वकीलसाहेबानं शब्द टाकला.”

“देव त्याचं भलं करो,” ती म्हणाली.

तिच्याजवळ मला चार महिने मिळाले. श्रावणात ती गेली. मी वसमतच्या शाळेत रुजू झालो तेव्हा जिनाचं फाटक बंद होतं. शेठने बोलल्याप्रमाणे क्लब मोडला होता आणि खेळाडू पांगले होते. सटवा बायकोला घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेला, असं कोणीतरी सांगितलं. मला बरं वाटलं. त्याच गावात रोज त्याचं तोंड पाहावं लागलं असतं, ते टळलं.

आता या म्हातारपणी, मध्यंतरी हिंगोलीचे दोन तरुण माझा पत्ता काढत आले होते. क्लबाचा इतिहास छापायचा म्हणाले. जुने तक्ते वाळवीने खाल्ले होते, म्हणून माझ्या आठवणीवर त्यांची भिस्त. “आपल्या क्लबाचं ते सोन्याचं वर्ष, गुरुजी. तुम्हीच पंच होतात ना?” त्यांच्या वहीत पाचही संघांचे आकडे लिहिलेले होते. मी चष्मा लावून तपासले. म्हणालो, “बरोबर आहेत.” त्यांनी पाया पडून माझा फोटो काढून नेला. पुस्तक आलं त्यात मी आहे. वसमतच्या अकरा जणांपैकी एकाचंही नाव नाही.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष उजाडलं तसा गावोगाव लुटालुटीचा, जाळपोळीचा धाक बसला. कोणत्या गावावर कधी काय येईल याचा नेम उरला नाही. चैत्रात कुरुंद्याहून आम्ही चार घरं गाड्या जोडून निघालो. नदीला पाणी कमी होतं. पैनगंगा ओलांडली, निजामाच्या अमलाबाहेर वऱ्हाडात शिरलो आणि पुसदला पोचलो. आमच्यासारखी शेकडो बिऱ्हाडं तिथे आली होती. जिनांचा हंगाम संपलेला, कापूस साठवायच्या मोठमोठ्या कोठ्या रिकाम्या, म्हणून मालकांनी त्या माणसांना राहायला दिल्या होत्या. एका जिनाच्या फाटकावर आम्ही उभे होतो आणि आतून चाव्यांचा जुडगा हातात घेऊन सटवा आला.

“मास्तर!” तो धावतच आला. माझ्या कडेवरचं लेकरू त्याने आपल्याकडे घेतलं. “वैनी, उतरा. घर समजा हे. गया, पानी आन गं!”

तो आता त्या जिनात बारमाही होता. हंगामात यंत्राजवळ, एरवी राखणीला. त्याने आम्हाला कोपऱ्यातली, वारा येणारी जागा दिली. जमिनीवर सरकीच्या पोत्यांची गादी केली. गयाबाई रोज सकाळी आमच्या लेकरासाठी तांब्याभर दूध आणून द्यायची. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा दिवसभर आवारात खेळायचे. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सटवा सांगायचा, “हे आमचे मास्तर. मला गोलात यांनीच उभं केलं. लई इमानी मानूस. एकदा चुकले, पन डोळ्यानं चुकले, मनानं न्हाई चुकले.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी उठून बाहेर गेलो. मग ते आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागायचं. त्याच्या दुधावर माझं लेकरू बाळसं धरत होतं. तीन महिने काढले. आषाढातल्या एका दुपारी पाऊस थांबला होता. तो दारात बसून फाटकी पोती शिवत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

“सटवा, तो गोल नव्हता.”

त्याची सुई थांबली नाही. “ठाऊक हाय की. बॉल माझ्या छातीखाली व्हता. मला न्हाई तर कोनाला ठाऊक असनार?”

“तसं नाही. मलाही ठाऊक होतं. त्याच वेळी. मला स्वच्छ दिसलं होतं.”

आता सुई थांबली. त्याने ती पोत्यात खोचून ठेवली.

“वकिलानं सांगितलं व्हतं?”

“तोंडाने नाही. पण नंतर माझी बदली झाली.”

तो पोत्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, तो आता शिव्या देईल. त्या ऐकायची मी तयारी करून आलो होतो. खरं तर त्या ऐकायलाच आलो होतो. शिव्या खाऊन मोकळं व्हायचं होतं मला.

“आज काहून सांगितलं?” त्याने विचारलं.

“राहवलं नाही.”

“माझा थोरला भाऊ म्हनला व्हता, मास्तर विकला गेला. त्याच्याशी बोलनं टाकलं मी. दोन वर्सं झाली, त्याच्या घरचं पानी पेलो न्हाई.” त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. “काम गेलं, क्लब गेला, गयाला अवघडलेली घेऊन नदी उतरलो. तकलीफ झाली. पन मी म्हनायचो, मानसाचा डोळा हाय, चुकतो. आपल्याला कोनी फसवलं तर न्हाई ना. तेवढं एक माझ्याजवळ ऱ्हाईलं व्हतं, मास्तर. ते बी तुमी घेऊन गेले.”

तो उठला. पोत्यांची चवड खांद्यावर घेतली आणि दोन पावलं जाऊन थांबला.

“दुधाचं चालूच ऱ्हाईल. लेकराची फिकीर करू नका.”

दूध चालूच राहिलं. गयाबाई तांब्या दारात ठेवायची आणि न बोलता जायची. यशोदाने दोन दिवस वाट पाहून मला विचारलं, “काय केलंत तुमी?” मी सगळं सांगितलं. ती सासूचं करता करता झिजली होती, त्या बदलीवर तिने देवाला नारळ फोडला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्याला सांगायची काय गरज होती? तुमच्यापाशी राहिलं असतं, तर काय जड झालं असतं?”

भाद्रपदात राज्य बदललं. लोकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले. पाणी ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला, आम्ही परत निघालो. जिनाचा हंगाम तोंडावर आला होता, कोठ्या रिकाम्या करून हव्या होत्या. सटवा प्रत्येक गाडीचं सामान दोराने आवळून देत होता. आमच्याही गाडीचं त्याने दिलं. मी त्याच्याशेजारी उभा राहून दोराचं एक टोक धरलं होतं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, गाठ मारली आणि गाडीवानाकडे वळला. नदीला उतार कुठे आहे, कोणत्या अंगाने बैल घालायचे, डावीकडे डोह आहे तो कसा चुकवायचा, हे त्याने दोनदा समजावून सांगितलं, गाडीवानाकडून एकदा वदवूनही घेतलं. मग पुढच्या गाडीकडे गेला.

त्याने सांगितल्या वाटेने आम्ही गेलो. पाणी गुडघ्याच्या वर आलं नाही.